गोळी एका रात्रीत स्वस्त कशी होते?

पिशोरच्या बाजारपेठेतले एखादे मेडिकल दुकान डोळ्यासमोर आणा. २०२५ चा एप्रिल. मका, कपाशी आणि थोडे अद्रक पिकवणारे साठीचे काका महिन्याची औषधे घ्यायला आले आहेत. दहा वर्षांचा मधुमेह, त्यात गेल्या वर्षी हृदयाची ताकद थोडी कमी झाल्याचे निदान. डॉक्टरांनी एम्पाग्लिफ्लोझिन नावाची गोळी लिहून दिलेली. रोज एक, कायमची. दुकानदार बिल सांगतो आणि काका दचकतात.

“भाऊ, मागं याच गोळीचे अठराशे घेतले होते. आज दोनशेत कसं काय? गोळी बदलली का?”

“गोळी तीच आहे काका. कंपनी वेगळी. आता स्वस्त झाली.”

“म्हणजे हलक्या मालाची?”

असे संभाषण त्या उन्हाळ्यात गावोगावच्या मेडिकलमध्ये झाले असेल. साधारण साठ रुपयांच्या घरात असलेली ही गोळी काही दिवसांत साडेपाच रुपयांपासून मिळू लागली. कच्चा माल स्वस्त झाला नव्हता, सरकारने अनुदान दिले नव्हते, की कारखान्यात नवे यंत्रही आले नव्हते. फक्त एक तारीख उलटली होती. ११ मार्च २०२५ रोजी या औषधावरच्या पेटंटची मुदत भारतात संपली.

पेटंट, म्हणजेच एकस्व, हा शब्द ऐकला की तो वकिलांचा आणि मोठ्या कंपन्यांचा विषय वाटतो. प्रत्यक्षात पिशोरच्या काकांनी गोळी महिनाभर घ्यायची की दिवसाआड, हे ठरवण्यात या शब्दाचा मोठा हात असतो. परवडत नाही म्हणून गोळी अर्धी करणारे, महिन्यातून पंधरा दिवसच घेणारे रुग्ण डॉक्टरांना नवे नाहीत. म्हणून पेटंट नेमके कशाचे रक्षण करते, किती काळ करते आणि कुठे थांबते, हे रुग्णाच्या घरानेही समजून घेतले पाहिजे.

एक सौदा, दोन बाजू

पेटंट हा संशोधक आणि समाज यांच्यातला लेखी सौदा आहे. संशोधक सांगतो, “मी जे नवे शोधले ते मी लपवणार नाही. ते कसे करायचे, हे त्या विषयातल्या जाणकाराला करून पाहता येईल इतक्या तपशिलाने मी लिहून देतो.” समाज, म्हणजे सरकार, सांगते, “ठीक आहे. मग अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे तुझ्या परवानगीशिवाय दुसऱ्या कोणाला ते बनवता, विकता किंवा आयात करता येणार नाही. त्यानंतर ते सर्वांचे.”

या सौद्यात दोन गोष्टी सहसा लक्षात येत नाहीत. पहिली, पेटंट म्हणजे गुपित नव्हे. उलट अर्ज केल्यावर साधारण १८ महिन्यांनी तो प्रसिद्ध होतो आणि कोणालाही वाचता येतो. दुसरी, पेटंट म्हणजे विक्रीचा परवाना नव्हे. औषध विकायचे तर भारताच्या औषध महानियंत्रकांची मंजुरी वेगळी लागते. पेटंट फक्त इतरांना अडवण्याचा हक्क देते. शेताला घातलेल्या कुंपणासारखे. कुंपण आहे म्हणून आत पीक चांगलेच येईल असे नाही, पण बाहेरचा कोणी आत शिरून कापणी करू शकत नाही. आणि हे कुंपण प्रत्येक देशात वेगळे घालावे लागते. अमेरिकेतले पेटंट भारतात चालत नाही.

हे कुंपण कोणालाही सहज मिळत नाही. तीन कसोट्या असतात. शोध जगात कुठेही आधी माहीत नसावा. तो त्या विषयातल्या जाणकाराला सहज सुचेल असा नसावा. आणि त्याचा उद्योगात प्रत्यक्ष उपयोग व्हावा.

पहिल्या कसोटीचे उत्तम उदाहरण आपल्या स्वयंपाकघरातले आहे. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्यावर पेटंट मिळाले. जखमेवर हळद दाबणे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक. पण कायद्यापुढे ‘आजी सांगायची’ हा पुरावा चालत नाही, लेखी पुरावा लागतो. त्या वेळी वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, म्हणजे सीएसआयआरचे, महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर. गोव्यातल्या माशेल गावी जन्मलेले आणि मुंबईत शिकलेले. परिषदेने जुने ग्रंथ आणि नियतकालिके धुंडाळून ३२ संदर्भ गोळा केले. त्यात १९५३ च्या भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला एक निबंधही होता. १९९७ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने ते पेटंट रद्द केले. जे आधीपासून सर्वांना माहीत आहे त्याभोवती कुंपण घालता येत नाही, हा त्याचा अर्थ. भारतीय कायद्याच्या कलम ३ मध्येही पारंपरिक ज्ञानाला पेटंट मिळत नाही असे स्पष्ट म्हटले आहे. खोकल्यावर अद्रकाचा काढा कोणाच्याही नावावर होणार नाही तो यामुळेच.

कुंपण नसते तर?

मग कुंपण हवेच कशाला? औषधे सर्वांची असावीत, असे मनापासून वाटणारे अनेक जण हा प्रश्न विचारतात. त्याचे एक उत्तर पिशोरच्याच जिल्ह्यात, दीड-दोन तासांच्या अंतरावर सापडते.

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत वोकहार्ट या औषध कंपनीचे संशोधन केंद्र आहे. न्यूमोनियाचे जंतू अॅझिथ्रोमायसिनसारख्या जुन्या प्रतिजैविकांना दाद देईनासे झाले आहेत, ही सगळ्या जगाची डोकेदुखी. ऊठसूट प्रतिजैविके घेण्याच्या आपल्या सवयीने ती वाढवली. या जंतूंवर चालणारे नाफिथ्रोमायसिन नावाचे नवे प्रतिजैविक या कंपनीने विकसित केले. त्यावरच्या अनेक शोधनिबंधांवर पत्ता याच केंद्राचा आहे. दिवसातून एकदा, फक्त तीन दिवस घ्यायचे हे औषध. २० नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय विज्ञान आणि तंत्रज्ञान मंत्र्यांच्या हस्ते ‘मिक्नाफ’ या नावाने त्याचा प्रारंभ झाला. देशात विकसित झालेले हे पहिले प्रतिजैविक, असे त्या वेळी सरकारने सांगितले. त्याच निवेदनानुसार यामागे १४ वर्षांचे काम आणि ५०० कोटी रुपयांचा खर्च होता.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. रेणू शोधायचा, प्रयोगशाळेत तपासायचा, प्राण्यांवर पाहायचा, मग निरोगी माणसांवर, मग रुग्णांवर तीन टप्प्यांत चाचण्या घ्यायच्या. यातल्या कोणत्याही टप्प्यावर औषध नापास होऊ शकते आणि बहुतेक औषधे होतातच. पण एकदा ते पास झाले की त्याची नक्कल करणे एखाद्या चांगल्या रसायनशास्त्रज्ञाला फार अवघड नसते. १४ वर्षे ज्याने घालवली त्याचे औषध दुसऱ्याने सहा महिन्यांत तयार करून निम्म्या भावात विकले, तर पुढचे प्रतिजैविक शोधायला कोण बसेल? पेटंटच्या बाजूचा खरा युक्तिवाद हा आहे आणि तो खोटा नाही.

यात आणखी एक बारकावा आहे. २० वर्षे मोजली जातात ती अर्जाच्या तारखेपासून, औषध बाजारात आल्याच्या दिवसापासून नव्हे. चाचण्यांत दहा-बारा वर्षे गेली तर कमाईसाठी उरतात आठ-दहा. म्हणूनच कंपन्या मुदतीच्या शेवटी आणखी काही वर्षे पदरात पाडून घेण्याचा प्रयत्न करतात. कुंपण संपत आले की शेजारी दुसरे कुंपण. खरा वाद तिथून सुरू होतो.

गूळ आणि गुळाची रीत

हा वाद भारतात वेगळ्या वळणाने गेला. इंग्रजांच्या काळातल्या १९११ च्या कायद्यामुळे आपल्याकडे औषधांवर परदेशी कंपन्यांची पकड होती. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालावर आधारित १९७० चा पेटंट कायदा आला आणि २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. त्यात औषधाला, म्हणजे पदार्थाला, पेटंट मिळणे बंद झाले. मिळत असे ते फक्त ते बनवण्याच्या रीतीला, आणि तेही जास्तीत जास्त सात वर्षे.

फरक गुळाच्या उदाहरणाने समजेल. गुळावर पेटंट असेल तर दुसरा कोणी गूळ करूच शकत नाही. पण पेटंट फक्त एका विशिष्ट रीतीवर असेल, तर दुसरा गुऱ्हाळवाला आपल्या वेगळ्या रीतीने तोच गूळ करून विकू शकतो. भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी पुढची तीन दशके हेच केले. त्याच औषधाकडे जाणाऱ्या नव्या वाटा शोधल्या. मुंबईच्या सिप्ला कंपनीने २००१ मध्ये एचआयव्हीची तीन औषधांची मात्रा वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली, तेव्हा तिचा जागतिक दर दहा हजार डॉलरच्या वर होता. आफ्रिकेतली लाखो माणसे आज उपचार घेत जगत आहेत, त्यामागे ही वाट आहे.

१९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली आणि तिच्या करारानुसार औषधांनाही २० वर्षांचे पेटंट देणे सर्व सदस्य देशांवर बंधनकारक झाले. भारताला दहा वर्षांची सवलत होती, ती १ जानेवारी २००५ रोजी संपली. पण कायदा बदलताना संसदेने त्यात एक छोटे कलम घातले. ३(डी). आधीच माहीत असलेल्या पदार्थाचे नुसते नवे रूप, म्हणजे त्याचा क्षार, स्फटिक वगैरे, हा नवा शोध मानला जाणार नाही; त्याची परिणामकारकता लक्षणीयरीत्या वाढली असेल तरच पेटंट. हे वाक्य पुढे जगभर गाजले.

रक्ताच्या एका कर्करोगावरच्या ग्लिव्हेक, म्हणजे इमॅटिनिब, या औषधाचे प्रकरण याच कलमावर अडले. नोव्हार्टिस कंपनीने त्याच्या विशिष्ट स्फटिकरूपावर पेटंट मागितले होते. कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च लाखाच्या वर, तर भारतीय कंपन्यांचे तेच औषध आठ-दहा हजारांत. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठाने कंपनीचे अपील फेटाळले. मूळ रेणू हा शोध होता, त्याचे नवे स्फटिक हा तेवढ्याने नवा शोध ठरत नाही, असा त्याचा आशय.

मुंबईतला एक आक्षेप

कायद्यातले कलम आपोआप काम करत नाही. कोणीतरी उभे राहून ‘हा शोध नवा नाही’ असे म्हणावे लागते. असे कोणी म्हटले की काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण मुंबईच्या पेटंट कार्यालयात घडले. विषय होता आपल्याकडे प्रत्येक तालुक्यात रुग्ण असलेल्या आजाराचा, क्षयाचा.

साधा क्षय सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. औषधांना दाद न देणारा क्षय मात्र वेगळे प्रकरण. रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड ही दोन मुख्य शस्त्रेच बोथट झालेली असतात. अनेक वर्षे अशा रुग्णांना दीड-दोन वर्षे उपचार घ्यावे लागत आणि त्यात कॅनामायसिनची इंजेक्शने असत. ती आतल्या कानाच्या पेशी मारतात. काही रुग्ण क्षयातून वाचत आणि ऐकू येणे कायमचे गमावत.

मुंबईच्या पत्रकार नंदिता वेंकटेशन यांना पोटाच्या क्षयाने दोनदा गाठले. दुसऱ्या खेपेच्या उपचारात, २०१३ मध्ये, औषधाच्या दुष्परिणामामुळे त्यांची श्रवणशक्ती गेली. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनजवळच्या खायेलित्शा वस्तीतल्या फुमेझा टिसिले यांच्याही वाट्याला क्षयाच्या उपचारात बहिरेपण आले. दोघींनी हे जाहीरपणे सांगितले आहे.

या इंजेक्शनांना पर्याय म्हणून आलेले औषध म्हणजे बेडाक्विलिन. जॉन्सन अँड जॉन्सनच्या बेल्जियममधल्या शास्त्रज्ञांनी ते शोधले आणि २००५ मध्ये जगापुढे मांडले. क्षयाच्या जंतूला ऊर्जा तयार करून देणारे यंत्रच ते बंद पाडते. जंतूची जणू वीज तोडली जाते. २०१२ च्या डिसेंबरात अमेरिकेने त्याला मंजुरी दिली. चाळीसेक वर्षांत क्षयावर आलेले हे पहिलेच नव्या जातीचे औषध. भारताच्या क्षय कार्यक्रमात ते २०१६ मध्ये मोजक्या केंद्रांवर आले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने इंजेक्शनांऐवजी तोंडाने घ्यायच्या अशाच औषधांवर भर दिला. हा शोध अस्सल होता आणि त्यावरच्या मूळ पेटंटला या रुग्णांचा विरोध नव्हता.

प्रश्न पुढे आला. मूळ रेणूवरचे पेटंट १८ जुलै २०२३ रोजी संपणार होते. कंपनीने मात्र त्याच रेणूच्या फ्युमरेट क्षारावर मुंबईत वेगळा अर्ज केला होता. तो मंजूर झाला असता तर मक्तेदारी २०२७ पर्यंत वाढली असती. गोळी नीट टिकावी, पोटात नीट विरघळावी म्हणून औषधाचा क्षार करणे ही औषधनिर्मितीतली नेहमीची गोष्ट. त्यात नवा शोध कोणता?

भारतीय कायद्याच्या कलम २५ नुसार पेटंट मंजूर होण्याआधी कोणीही व्यक्ती त्याला आक्षेप घेऊ शकते. कंपनीच असावी लागत नाही, वकील असावे लागत नाही, रुग्णही चालतो. महाराष्ट्रातल्या एचआयव्हीबाधितांच्या संघटनेने या अर्जाला आक्षेप घेतला होता. २०१९ मध्ये नंदिता वेंकटेशन आणि फुमेझा टिसिले यांनीही घेतला. वैद्यकीय मदत करणारी ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ ही आंतरराष्ट्रीय संस्था त्यांच्या पाठीशी होती. २३ मार्च २०२३ रोजी मुंबईच्या पेटंट कार्यालयाने तो अर्ज नामंजूर केला. योगायोग असा, की दुसऱ्याच दिवशी, २४ मार्चला, जागतिक क्षयरोग दिन होता.

मूळ पेटंट ठरल्या तारखेला संपले. लुपिनसारख्या भारतीय कंपन्यांचा मार्ग मोकळा झाला. लुपिन ही मुंबईची कंपनी असली तरी तिचा एक कारखाना चिकलठाण्यातही आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये क्षयाची औषधे एकत्रित खरेदी करणाऱ्या जागतिक यंत्रणेने नवे दर जाहीर केले. सहा महिन्यांच्या बेडाक्विलिनचा दर निम्म्याहून अधिक उतरून १३० डॉलरपर्यंत आला. आणि विशेष म्हणजे हा सर्वांत कमी दर मूळ कंपनीनेच देऊ केला होता. स्पर्धा दारात उभी राहिली की असे होते.

भारतातल्या रुग्णाला क्षयाची औषधे सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळतात. मग त्याला या दराशी काय देणे-घेणे, असे वाटेल. पण मोफत म्हणजे फुकट नव्हे, त्याचे पैसे सरकार भरते. दर निम्मा झाला तर त्याच पैशांत दुप्पट रुग्णांना औषध देता येते. २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी बेडाक्विलिनवर आधारलेल्या सहा महिन्यांच्या उपचाराला मान्यता दिली. दीड-दोन वर्षांच्या जागी सहा महिने, आणि कानावर घाला घालणारे इंजेक्शन नाही.

कुंपणाला ठेवलेले फाटक

पेटंट वैध असेल, मुदत बाकी असेल आणि तरीही औषध लोकांच्या आवाक्याबाहेर असेल, तर? कायद्याने त्यासाठीही एक फाटक ठेवले आहे. त्याला सक्तीचा परवाना म्हणतात. पेटंट मिळून तीन वर्षे झाल्यावर, औषध पुरेसे उपलब्ध नसेल, परवडत नसेल किंवा देशात त्याचा वापरच होत नसेल, तर सरकार दुसऱ्या कंपनीला ते बनवण्याची परवानगी देऊ शकते. मूळ कंपनीला मोबदला द्यावा लागतोच.

भारतातला असा पहिला परवाना ९ मार्च २०१२ रोजी मुंबईतूनच दिला गेला. मूत्रपिंड आणि यकृताच्या कर्करोगावरच्या सोराफेनिब या बायर कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च होता २,८०,४२८ रुपये. हैदराबादच्या नॅटको कंपनीला ते ८,८८० रुपयांत विकण्याची परवानगी मिळाली. मूळ कंपनीला विक्रीवर सहा टक्के, पुढे सात टक्के, मोबदला ठरला. हे फाटक क्वचितच उघडते. पण ते आहे, हे किमती ठरवणाऱ्यांना ठाऊक असते.

परत पिशोरच्या दुकानात

आता काकांच्या प्रश्नाकडे येऊ. कुंपण ११ मार्चला पडले आणि लगेच दुसऱ्या कंपन्यांच्या गोळ्या दुकानात कशा पोहोचल्या? कायद्यात त्याचीही तरतूद आहे. पेटंट चालू असतानाही, फक्त सरकारी मंजुरीसाठी लागणाऱ्या चाचण्या करायला दुसऱ्या कंपनीला ते औषध तयार करता येते, विकता मात्र येत नाही. त्यामुळे तयारी आधीच झालेली असते. मुदत संपली की माल निघतो. ही तरतूद नसती तर पेटंट संपूनही दोन-तीन वर्षे स्वस्त गोळीची वाट पाहावी लागली असती.

“हलक्या मालाची का?” या शंकेचे उत्तरही यातच आहे. किंमत कमी झाली ती गोळीतले औषध कमी झाले म्हणून नव्हे, तर मक्तेदारी संपली म्हणून. औषधाचा रेणू तोच असतो. रक्तात सहज न उतरणाऱ्या औषधांच्या गटांसाठी २०१७ पासून नव्या उत्पादकाला हेही दाखवावे लागते, की त्याची गोळी रक्तात मूळ गोळीइतकीच उतरते. याचा अर्थ बाजारातली प्रत्येक गोळी उत्तमच असते असा नाही. दर्जावर देखरेख करण्याचे काम अन्न व औषध प्रशासनाचे आहे आणि ती जितकी कडक तितके बरे. पण दर्जा आणि पेटंट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेटंट हे दर्जाचे प्रमाणपत्र कधीच नसते.

आपल्याकडे आणखी एक गैरसमज आहे. काही आयुर्वेदिक औषधांना ‘पेटंट औषध’ म्हणण्याची पद्धत आहे. औषध कायद्यात ग्रंथातली नव्हे तर कंपनीची स्वतःची कृती असलेल्या औषधाला ‘पेटंट किंवा प्रोप्रायटरी’ असा शब्द आहे, तिथून ती आली. त्याचा पेटंट कार्यालयाशी संबंध असेलच असे नाही. त्या शब्दावरून औषध अधिक गुणकारी समजू नये. तसेच ब्रँडचे नाव म्हणजे पेटंट नव्हे. ब्रँडचे नाव दर दहा वर्षांनी नूतनीकरण करून कायम राखता येते. म्हणून पेटंट संपले तरी जुन्या नावाची महाग गोळी शेजारीच विकायला असते.

रुग्णाने व्यवहारात काय करावे? स्ट्रिपवर ब्रँडच्या नावाजवळ छापलेले औषधाचे मूळ नाव आणि मिलिग्रॅम वाचावे, किंवा शाळेत जाणाऱ्या नातवंडाकडून वाचून घ्यावे. दोन्ही जुळत असतील तर डॉक्टरांना विचारावे, “यातले स्वस्त कोणते चालेल?” हा प्रश्न विचारण्यात लाज नाही, उलट चांगल्या डॉक्टरला तो आवडतो. जनऔषधी केंद्रात चौकशी करावी. बिल घ्यावे, त्यावर बॅच क्रमांक असतो. महाग आहे म्हणून गोळी मनाने अर्धी करू नये आणि स्वस्त झाली म्हणून मनाने सुरूही करू नये. एम्पाग्लिफ्लोझिन लघवीवाटे साखर बाहेर टाकते. त्यामुळे कडक उपवास, उलट्या-जुलाब किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी ती काही दिवस थांबवावी लागू शकते. लघवीच्या जागी खाज किंवा जळजळ झाली तर लगेच सांगावे.

आणि पिशोरमध्येच कोणी फवारणीचे नवे यंत्र किंवा रुग्णाला उचलायची सोपी खाट तयार केली असेल, तर त्याच्यासाठी एक सूचना. प्रदर्शनात मांडण्याआधी आणि त्याचा व्हिडिओ टाकण्याआधी अर्ज करावा. शोध आधी जगाला दाखवला तर तो ‘नवा’ राहत नाही आणि बहुतेक वेळा हक्क जातो. सुरुवातीला कच्चा अर्ज करून पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. महाराष्ट्राचे पेटंट कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला आहे आणि अर्ज ऑनलाइनही होतो. एकट्या संशोधकाला कंपनीपेक्षा शुल्कही बरेच कमी पडते.

चिकलठाण्यात १४ वर्षे एका रेणूमागे धावणाऱ्या शास्त्रज्ञांना कुंपण हवे, हे खरे. आणि क्षयाने कान गमावलेल्या रुग्णाला ते कुंपण ठरल्या दिवशी पडायला हवे, हेही तितकेच खरे. दोन्ही एकाच सौद्याच्या बाजू आहेत. पेटंटची मुदत संपणे म्हणजे संशोधकाचे नुकसान नव्हे. समाजाने २० वर्षे थांबून मिळवलेला तो त्याचा वाटा आहे. पिशोरचे काका दोनशे रुपये देऊन जी पिशवी घेऊन घरी जातात, त्यात तो वाटा असतो.